दिन्याला मिरजेला घेऊन जा

प्रिय सुन्या,

बरेच महिने पत्र नाही. शिव्या राखून ठेव, आधी हे वाच. इकडे सगळे ठीक, माझं बीपी गोळीवर शांत आहे.

दिन्याला शौचातून रक्त जातंय. दिवाळीपासून. भाड्याचं बोलता बोलता सहज सांगितल्यासारखं सांगितलं. वहिनींना अजून पत्ता नाही. ‘मूळव्याध रे, टेम्पोत बसून बसून,’ असं स्वतःच ठरवून मोकळा. असेलही मूळव्याध. पण त्याच्या वडिलांचं, नानांचंही वर्षभर मूळव्याधच चाललं होतं, आणि शेवटी मिरजेत काय निघालं ते तुला सांगायला नको. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर म्हणतील उगाच घाबरवतोय.

आधी त्याला नीट विचार. माझ्यापुढे लाजतो, तुझ्यापुढे नाही लाजणार. यात्रेतल्या त्या भेळेनंतर तुमच्यात लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. लालभडक, शौच झाल्यावर थेंब थेंब आणि दुखत नाही, तर बहुतेक मूळव्याधीचे कोंब. बसताना जीव जाईल असं दुखत असेल तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. पण रक्त मळात मिसळलेलं, सोबत शेंब, कधी जुलाब कधी कोठा जड, पँट सैल व्हायला लागलेली, तर गोष्ट आतली. आणि पाठीसाठी तो डायक्लोफेनॅक चघळतो ना? त्याने जठरात व्रण होऊन रक्त गेलं तर शौच काळीकुट्ट, चिकट, घाण वासाची होते. तसं असेल आणि चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी भरती करायचं. (लोहाच्या गोळीनेही काळी होते आणि बीट खाल्लं की लाल, तेवढं विचारून घे.)

‘बिना ऑपरेशन’वाल्या पाट्यांकडे त्याला फिरकू देऊ नकोस. बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने (गुदद्वारात घालून बघायची छोटी नळी) न तपासता जो मलम लिहून देतो, त्याला फी कशाला द्यायची? आणि कोंब दिसले म्हणून विषय संपत नाही, कोंब आणि आतली गाठ दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. नानांचं तिथंच तर अडलं.

पॉलिसी नाही, तेव्हा पैसा चुकीच्या तपासणीत जाऊ नये. डोळ्यांना रक्त दिसतंय, मग मळातलं लपलेलं रक्त शोधायची टेस्ट कशाला? सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आतड्याच्या आतलं कळत नाही. सीईए ही कॅन्सरसाठी सांगतात ती रक्ततपासणी, पण ते निदानाचं साधन नव्हे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी, मात्र हवीच: हिमोग्लोबिन १३च्या खाली आणि लोह कमी असेल, तर ‘कोंबातून गेलं असेल’ म्हणून सोडायचं नाही. आणि तसंही वडिलांना आतड्याचा कॅन्सर झालेल्यांची कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं) चाळिशीत व्हायला हवी. हा ४७चा घोडा.

पहिली तपासणी आणि सीबीसी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत ते फुकट आहे. मिरज मेडिकल कॉलेजचं खातं वेगळं, तिथे सरकारी दराने पैसे पडतील, पण ते खासगीच्या मानाने किरकोळ. जायच्या आधी विचार: स्कोपी कोणत्या वारी होते, यंत्र चालू आहे का. खासगीत जावंच लागलं तर भूल, बायोप्सी आणि तुकड्याचा रिपोर्ट यांचे दर वेगवेगळे विचारून घे. सांगितलेला आकडा नुसत्या स्कोपीचा असतो.

स्कोपीच्या तयारीतच लोक घोळ घालतात. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आपल्या मनाने बंद नाही, डॉक्टरांना विचारून. दोन-तीन दिवस पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ, पालेभाजी नाही; मऊ भात, दही. आदल्या दिवशी पातळ पदार्थ, लाल सरबत नको. पोट साफ करायची पावडर सांगितलेल्या पाण्यात संपूर्ण प्यायची. अर्धी पिऊन उरलेली मोरीत ओतली की आतडं घाण राहतं, डॉक्टर अर्ध्यातून परत फिरतात आणि पैसे पुन्हा. दिन्या नक्की ओतणार, समोर बसून पाज. भुलीनंतर त्या दिवशी टेम्पो चालवायचा नाही, म्हणून तू सोबत हवास. गाठीसारखा पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथेच काढता येतो. कॅन्सर व्हायला त्याला बरीच वर्षं लागतात, त्याआधी निघाला की काम झालं.

पुढे ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजना आहे: कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आता पांढऱ्या कार्डालाही. बाह्यरुग्णाच्या तपासण्या त्यात धरू नकोस. योजनेतल्या हॉस्पिटलात आधी आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला माणूस) गाठायचं, बिल भरून मग नाही. घोळ एवढाच की त्याचं नाव अजून दादाच्या रेशनकार्डावर असेल, आणि आधारवर ‘दिनेश’, कार्डावर ‘दिनकर’. ते आत्ताच दुरुस्त करायला लाव. ट्रस्टच्या हॉस्पिटलांत गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

तो म्हणेल, आता पॉलिसी काढतो. आधीच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि लपवून काढली तर क्लेम नाकारतात. वाटलं तर नंतर सगळं खरं लिहून काढू दे.

तू म्हणशील, अव्या नेहमी हुकूम सोडतो आणि पळायला सुन्या. अरे, त्या फायनलमधला रनआउटही तू माझ्याच माथी मारतोस. कॉल तुझा होता.

पोरीच्या ॲडमिशनचं कळलं, फार आनंद झाला. स्लॅब पडला का? काकूंना नमस्कार सांग.

दोन्ही कार्डांचे फोटो आधी पाठव, नावं मी जुळवून बघतो.

तुझा,
अव्या