वाचनालयातल्या त्या एका पुस्तकासाठी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बाची हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

२००१-०२ च्या दुष्काळात कासुंगू जिल्ह्यातल्या या शेतकरी घराला दिवसातून एकदाच खायला मिळायचं. वर्षाची सुमारे ८० डॉलर फी भरणं जमेना, आणि १४ वर्षांच्या विल्यमची शाळा सुटली. तो विम्बेच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्याशा ग्रंथालयात जाऊन बसू लागला. तिथे त्याला ऊर्जेवरचं एक अमेरिकन पाठ्यपुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून तो आधी आकृत्या समजून घ्यायचा आणि मग शेजारचा मजकूर लावायचा.

तशी पवनचक्की करायला भंगारातून त्याने ट्रॅक्टरचा पंखा आणि शॉक अब्सॉर्बर मिळवला. पीव्हीसी पाइप चिरून, विस्तवावर तापवून सपाट केला आणि पाती केली. वायसर नव्हते, तिथे बाटल्यांची बुचं ठोकून लावली. सायकलची फ्रेम आणि डायनॅमो लाकडी मनोऱ्यावर चढवला. वारा पात्यांना फिरवी, पाती सायकलचं चाक फिरवत आणि चाकाला टेकलेला डायनॅमो वीज देई. लोक त्याला वेडा म्हणत होते. पण दिवा लागला. पुढे घरात चार बल्ब आणि रेडिओ चालू लागले, शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला येऊ लागले. मलावीत तेव्हा फार थोड्या लोकांकडेच वीज होती.

त्याच्या हुशारीचं कौतुक जगभर झालं आणि ते रास्तच आहे. मला मात्र ते ग्रंथालय जास्त मोलाचं वाटतं. शाळेतून नाव कमी झालेल्या मुलाला तिथे पुस्तक मिळालं, घरीही नेता आलं.

मी खेड्यातलं वाचनालय सांभाळतो. कपाटात कादंबऱ्या, चरित्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत आणि ती हवीतच. पण मोटर कशी फिरते, पंप कसा खोलायचा, वायरिंग कसं करायचं हे मोठ्या आकृत्यांसह मराठीत सांगणारं पुस्तक एखाद्या पोराने मागितलं, तर हातात ठेवायला फार थोडं आहे. शासनमान्य ग्रंथयादीत अशा पुस्तकांना ठळक जागा द्या. चांगली पुस्तकं कमी पडत असतील तर खात्याने लिहून घ्यावीत. आयटीआय आपल्या राज्यात आहेत, तिथले निदेशक हे विषय रोज शिकवतात. आणि शाळा सुटलेल्या मुलांकडून अनामत किंवा वर्गणी घेऊ नये, ती अनुदानातून भरून द्यावी. १९६७ चा ग्रंथालय कायदा करणाऱ्या राज्याला हे जड नाही.

आणखी एक. २००६ मध्ये विम्बेचं ग्रंथालय पाहायला आलेल्या अधिकाऱ्यांना ती पवनचक्की दिसली. त्यांनी चौकशी केली, वरिष्ठांना सांगितलं. ते वरिष्ठ स्वतः आले, पत्रकारांना घेऊन आले, आणि विल्यमला पुन्हा शाळेत बसवण्यासाठी झटले. पुढे तो अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातून २०१४ साली पदवीधर झाला. आपल्याकडेही ग्रंथालयांची तपासणी होते. दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही तपासली जाते. तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवा : इथली पुस्तकं वाचून गावात कोणी काय केलं? आमच्या जिल्ह्यापासून सुरुवात करायची असेल, तर आम्ही तयार आहोत.

आपला,
एक ग्रामीण ग्रंथपाल