रंग गेला, पण पाणी शुद्ध झाले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांडपाण्यातला रंग सूर्यप्रकाशाच्या मदतीने मोडणारा नवा नॅनोपदार्थ (अतिसूक्ष्म कणांचा पदार्थ) सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. इचलकरंजीसारख्या कापड-प्रक्रियेच्या शहरात आणि पंचगंगेच्या काठी त्या आशेने वाचल्या जातात, म्हणून त्यांची पारख कशी करावी हे लिहीत आहे.

अशा पदार्थांची सुरुवात टायटॅनियम डायऑक्साइडपासून होते: त्यावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवले. मात्र या पदार्थाला अतिनील प्रकाशच लागतो आणि उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के असतो; शिवाय प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आपल्या मूळ, रिकाम्या झालेल्या जागी परतले की मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) किंवा कार्बन नॅनोनलिकांची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) जोड दिल्यास हे इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात आणि त्यांचे परतणे लांबते. २००९ मध्ये प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) म्हणून पुढे आलेले ग्राफिटिक कार्बन नायट्राइड तर सुमारे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा दृश्य प्रकाश स्वतःच शोषते आणि युरिया किंवा मेलामाइन तापवून तयार होते. ही प्रगती खरी आहे आणि तिला पाठबळ मिळायलाच हवे.

माझा आक्षेप चाचणीवर आहे. बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू हा निळा रंग पाण्यात फिका पडला की पदार्थ यशस्वी ठरवला जातो. पण हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन उत्प्रेरकात जाऊन तो आपोआपही मोडतो, त्यामुळे श्रेय कोणाचे हे कळत नाही. त्यात जोड दिलेला कार्बन रंग शोषून धरतो, म्हणजे रेणू मोडलेला नसतानाही पाणी नितळ दिसते. मोडला तरी त्याचे रंगहीन तुकडे पाण्यात राहू शकतात. म्हणून आधी अंधारात शोषण पूर्ण होऊ द्यावे, फिनॉलसारखा रंगहीन प्रदूषक वापरून पाहावा आणि पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे सेंद्रिय प्रदूषकांमधला सगळा कार्बन, किती घटला ते मोजावे. उत्प्रेरकाला ग्राफीनसारख्या कार्बनची जोड जास्त दिल्यास तोच प्रकाश अडवतो, हेही विसरू नये.

प्रयोगशाळेतले पातळ द्रावण आणि प्रोसेस हाऊसचे (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे) क्षारयुक्त, गडद पाणी यांत तर फारच अंतर आहे. आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना चाचणी कोणत्या पाण्यावर झाली आणि सेंद्रिय कार्बन किती घटला, हे संशोधकांना विचारून उत्तरासह छापावे, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, कोल्हापूर