मागच्याच्या गुडघ्यांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या सांबरा विमानतळाविषयी आपल्या सदरात येणारी पत्रे बहुधा विमानांच्या संख्येबद्दल असतात. अमुक शहराची सेवा बंद का झाली, वेळ का बदलली, वगैरे. ते प्रश्न आहेतच. पण २०१९ पासून केंद्राच्या स्वस्त विमानप्रवासाच्या ‘उडान’ योजनेमुळे इथून उडणारी माणसे बदलली. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मंडळी आता लेकीच्या बाळंतपणाला किंवा मुलाच्या नोकरीच्या गावी विमानाने जातात. सराईत आणि नवखे प्रवासी एकामागे एक बसतात, आणि सीट मागे घेण्यावरून कुरबुरी होतात. त्याबद्दल हे पत्र.

परवा दिल्लीच्या विमानात माझ्या शेजारी निपाणीकडच्या एक आजी होत्या. समोरच्या फळीवर उपम्याचा कागदी डबा, त्यात नुकतेच गरम पाणी ओतलेले. झाकण ठेवून त्या वाट पाहत होत्या. तेवढ्यात पुढच्या तरुणाने बटण दाबून पाठ धाडकन मागे टाकली. डबा कलंडला, पाणी लुगड्यावर. ‘बाळा, जरा पुढं घे की,’ आजी दोनदा म्हणाल्या. त्याच्या कानात इअरफोन. मी खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला, झटकन सीट सरळ केली आणि स्वतःचा रुमाल आजींपुढे धरला. पोरगा वाईट नव्हता. मागे कुणी बसले आहे हेच त्याच्या ध्यानात नव्हते.

दोष एकट्या प्रवाशांचा नाही. स्वस्त तिकिटांच्या विमानात एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचे अंतर बहुधा २८ ते ३० इंच, त्यातच सीटची जाडीही आली. पुढच्याला वाटते, बटण दिले आहे म्हणजे मागची जागा माझी. मागच्याला वाटते, माझ्या गुडघ्यासमोरची जागा माझी. कंपन्यांनी तीच टीचभर जागा दोघांना विकली आहे आणि भांडण मिटवायला केबिन क्रूच्या पोरींना पुढे केले आहे.

हे भांडण कुठवर जाते? ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले विमान वाटेत शिकागोला उतरवावे लागले. मागच्या प्रवाशाने पुढची सीट कलू नये म्हणून फळीला प्लास्टिकची खुंटी लावली होती. पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकले. गंमत म्हणजे दोघांनी पाय पसरायला जादा जागा असलेल्या सीट घेतल्या होत्या! त्याच वर्षी तिथल्या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी लोकांना विचारून पाहिले. सीट न पाडण्यासाठी पुढचा सरासरी ४१ डॉलर मागत होता, मागचा जेमतेम १८ द्यायला तयार. पैशांवर सौदा जमेना. पण काही प्यायला किंवा खायला देऊ केले तर बहुतेक जण राजी होते. आपल्याकडे तर तेही लागत नाही, ‘स्वल्प अडजस्ट माडी’ (जरा सांभाळून घ्या) असे कन्नडमध्ये म्हटले की निम्मे काम होते. पण ते म्हणायला माणसाने कानातले काढलेले हवे.

रेल्वेने असाच वाद घड्याळावर सोडवला आहे. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ उघडायचा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला जाणाऱ्या कुणालाही हे पाठ असते. हुज्जत झालीच तर टीसी नियम दाखवतो. विमानात उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सीट सरळ ठेवण्याचा नियम आहे, कारण संकटात निम्म्या दारांमधून ९० सेकंदांत सगळे विमान रिकामे करता यावे असा निकष आहे आणि कललेली सीट मागच्याची वाट अडवते. ही सूचना सगळे निमूट पाळतात. मग खाणे-पिणे चालू असताना सीट सरळ ठेवा आणि मागे घेण्याआधी एकदा वळून पाहा, एवढे त्याच सूचनेत सांगायला काय हरकत आहे? मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू तर तास-सव्वा तासाची वाट. पट्टा सोडेपर्यंत उतरायची वेळ होते, तेवढ्यात कसली झोप काढायची?

दिल्लीचे अडीच तास किंवा रात्रीचे विमान, ही गोष्ट वेगळी. कंबरदुखीवाल्याने सीट मागे घेतली तर त्याच्याकडे डोळे वटारू नयेत. मागच्यांचेही काही चुकते. गुडघ्याने ढोसणे, उठताना पुढच्याची सीट दोन्ही हातांनी ओढून त्याला गदागदा हलवणे, लेकराने फळी आपटत राहणे आणि आईने मोबाइलमध्ये डोके घालून बसणे, हेही रोजचेच.

विमान कंपन्यांना आणखी एक सुचवायचे आहे. शेवटच्या रांगेच्या आणि आणीबाणीच्या दारापुढच्या रांगेच्या सीट बहुधा मागे जातच नाहीत. अनेकांना हे बसल्यावर, बटण दाबून दाबून कळते. तिकीट काढतानाच ते ठळक दिसावे. आणि सांबऱ्याहून सुटणाऱ्या विमानांत वरील सूचना कन्नड, हिंदी, इंग्रजीबरोबर मराठीतही द्यावी, म्हणजे ती आजींनाही कळेल.

– एक प्रवासी, टिळकवाडी, बेळगाव