संमतिपत्रातला 'मी' कोण?

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या दिरांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेतील एका रुग्णालयात नातेवाईक म्हणून संमतिपत्रावर सही करण्याची वेळ माझ्यावर आली. 'शस्त्रक्रियेतील सर्व धोके मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले असून ते मला पूर्णपणे समजले आहेत,' असे त्यावर छापलेले होते. प्रत्यक्षात तोवर कोणी काहीच सांगितले नव्हते. आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवल्यामुळे माझे लक्ष धोक्यांआधी वाक्यरचनेकडे गेले. 'सांगण्यात आले' म्हटले की सांगणारा नाहीसा होतो, आणि 'मला समजले' ही कबुली रुग्णाच्या तोंडी आयती घातली जाते.

अशा भाषेचा अभ्यास करणारे शास्त्र जुने आहे. वक्तृत्वशास्त्र म्हटले की आपल्याकडे गणेशोत्सवातील स्पर्धा आणि ढाल एवढेच डोळ्यांसमोर येते. पण बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद यांच्या बळावर माणसाचे मत कसे घडते, याची मांडणी ॲरिस्टॉटलने केली, आणि आज तिच्या आधारे विज्ञान व वैद्यक यांचेही लेखन तपासले जाते. विज्ञानाला शब्दकळेची गरज नसते, हा समज त्यापुढे टिकत नाही. डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन व क्रिक यांच्या 1953 च्या छोट्याशा निबंधात आनुवंशिकतेविषयीचा सर्वांत मोठा दावा 'आमच्या नजरेतून सुटलेले नाही' अशा नम्र वळणाने येतो, आणि त्या नम्रतेमुळेच तो अधिक ठसतो.

वैद्यकात याची किंमत रुग्ण मोजतो. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, या निवडीवरील एक अमेरिकी अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. 'शंभरांपैकी नव्वद जण शस्त्रक्रियेतून वाचतात' असे सांगितल्यावर जितक्यांनी शस्त्रक्रिया पसंत केली, त्याहून कमी जणांनी 'दहा दगावतात' असे सांगितल्यावर ती पसंत केली. आकडा एकच होता, आणि या फरकाला डॉक्टरही बळी पडले. क्षयरोगाचे उपचार मध्येच सोडणाऱ्याला तर वर्षानुवर्षे 'डिफॉल्टर' म्हटले जाई. पतसंस्थांच्या आपल्या जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ थकबाकीदार असाच होतो; मग असा रुग्ण दवाखान्याची पायरी पुन्हा कोणत्या तोंडाने चढणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये हा शब्द आपल्या व्याख्यांतून वगळला, तरी बोलण्यातून तो गेलेला नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवादकौशल्याचा भाग आहे, हे स्वागतार्ह आहे. तथापि गोड बोलणे शिकवणे वेगळे आणि आपण वापरतो ती भाषा काय करते हे ओळखायला शिकवणे वेगळे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील विमानस्थान नावाच्या भागात वैद्यांनी वैद्यांशी संवाद कसा करावा, मैत्रीचा कोणता आणि जिंकण्यासाठीचा कोणता, याचे तपशीलवार विवेचन आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. सांगली-मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मराठी विभाग असलेली जुनी महाविद्यालयेही आहेत. त्यांनी एकत्र बसून सुरुवात संमतिपत्रापासूनच करावी. छापील कबुली काढून तेथे समजावून सांगणाऱ्याचे नाव व वेळ यांसाठी एक ओळ ठेवावी, आणि काय समजले ते रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहावे, लिहिता येत नसल्यास सांगून लिहवून घ्यावे, म्हणून खाली चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, विश्रामबाग, सांगली