कृत्तिका मोजून कळव

प्रिय ठमे,

ठमी म्हटलेलं आता चालत नाही, ठाऊक आहे. पण पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हौस भागवून घेतो.

परवा फोनवर तू इतकं मनापासून सांगत होतीस आणि मी मध्येच तुझ्या डोळ्यांवर घसरलो. "बाबा, मी काय सांगतेय आणि तू काय विचारतोयस," म्हणालीस आणि फोन ठेवलास. बरोबरच केलंस, असं आईचं मत. त्यावरून आमचंही दोन दिवस धड बोलणं नाही, ते असो. या पत्रात डोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय. तुझ्या बोलण्याला नीट उत्तर द्यायचं, एवढंच.

तू म्हणालीस, त्या माळावर उताणी पडलीस आणि अर्ध्या तासाने आकाश वर आहे असं वाटेनासंच झालं. ते सगळीकडून आहे आणि आपण त्याच्या आत आहोत, असं. दातांतलं कॅल्शियम, रक्तातलं लोह, सगळं कुठल्या कुठल्या ताऱ्यांत शिजून आलेलं, म्हणजे आपण इथे उपरे नाही. मला हे पटतं. फक्त थोडी भर घालतो. लोह ताऱ्यांचं खरं, पण तुझ्या बाटलीतल्या पाण्यातला हायड्रोजन त्याहून जुना. पहिला तारा पेटायच्या आधीचा, १३.८ अब्ज वर्षांपूर्वीचा. तू माळावर तहान लागली म्हणून दोन घोट प्यायलीस, ते विश्वातलं सगळ्यात जुनं सामान होतं. झाली माझी मास्तरकी सुरू. पण तुला असं काही वाटलं आणि ते सांगायला तू आधी मला फोन केलास, याचा मला किती आनंद झाला ते मी परवा बोललोच नाही. आता बोलतो: फार झाला.

मला तसं पहिल्यांदा वाटलं ते देवयानीची दीर्घिका पाहिली तेव्हा, आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं गाव. दुर्बीण नव्हतीच. मित्राने सांगितलं, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या टोकापासून खाली ये, तिथे एक पुसट डाग आहे, पण त्याच्याकडे सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ. मी बाजूला पाहिलं आणि तो उमटला. सरळ पाहिलं की गायब. २५ लाख वर्षं चाललेला उजेड, वाटेत कुठेही न अडता, शेवटी माझ्या डोळ्याच्या पडद्यावर येऊन संपला. संपला, हा शब्द तेव्हा सुचला आणि अंगावर काटा आला. तिथून निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता. आपलं आणि विश्वाचं नातं काय, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन: तो उजेड कुठेतरी पोचतो, आणि ते पोचायचं ठिकाण आपण असतो.

तिरक्या नजरेचं कारण तुला मीच शिकवलं होतं. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींची दाटी असते, त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी सगळ्या बाजूला. साधारण १२ कोटी असतात, आणि त्यातल्या एकीला प्रकाशाचा एक कण पुरतो. एक कण! त्या जागरणाला तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात, आणि कोणी पांढरी बॅटरी मारली की सगळं मुसळ केरात. म्हणून तर तुझ्या बॅटरीला आपण लाल जिलेटिनचा कागद लावायचो, दुहेरी घडी, वर रबर. रबर तुटलं की तू केसांचं लावायचीस.

तर त्या दंडपेशी. बघ, आलोच शेवटी. आता आलोय तर सांगून टाकतो, कारण फोनवर तुला फक्त आजाराचं नाव कळलं, बाकीचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तू सहा वर्षांची असताना आपण गच्चीवर कृत्तिका मोजल्या होत्या. मला सहा दिसायच्या. तू म्हणालीस नऊ. मी म्हटलं, थापा मारू नकोस. तू एकेकीवर बोट ठेवून पुन्हा मोजल्यास, पुन्हा नऊ. मी म्हटलं, तू पुस्तकातलं चित्र पाहून बोलतेस. तू रडलीस आणि खाली जाऊन आजीच्या कुशीत झोपलीस. पुढे वाचलं की तीक्ष्ण डोळ्यांना खरंच नऊ-दहा दिसतात. तुझी माफी मात्र राहिली ती राहिलीच.

माझ्या सहाच्या पाच झाल्या, मग चार. मी रस्त्यावरच्या नव्या पांढऱ्या दिव्यांना शिव्या घातल्या. दिव्यांनी आकाश धुतलं जातंच, त्यामुळे शिव्या फुकट गेल्या नाहीत, पण कारण ते नव्हतं. २०२०च्या जानेवारीत मला मृगातला काक्षी फिका वाटला, तुम्ही बीटलज्यूस म्हणता तो. रोहिणीशी ताडून पाहिला, तरी फिकाच. त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोन, "बाबा, पाहिलास का, काक्षी खरंच मंदावलाय, सगळे त्याच्याच मागे लागलेत!" ताऱ्याने स्वतःच्याच अंगातून धूळ फेकली होती आणि तिच्या आड तो झाकला गेला होता, हे मागाहून कळलं. मला एवढंच कळलं की माझे डोळे ठीक आहेत. त्या एका ताऱ्याच्या भरवशावर मी आणखी चार वर्षं काढली.

गेल्या हिवाळ्यात दादा आम्हाला त्या अंधाऱ्या ठिकाणी घेऊन गेला, आठवतं? तू फोटो मागितले होतेस. सगळे गाडीतून उतरले आणि एकदम "अगं बाई, आकाशगंगा!" मी वर पाहिलं. काळं. काही ठळक तारे आणि मध्ये नुसतं काळं. मी पण म्हटलं, "वा!" आणि गाडीकडे परत येताना सरळ एका माणसावर आदळलो. तो बाजूलाच उभा होता.

तपासणीची एक गंमत सांगतो. आधी डोळ्यांत थेंब घालून तुला वीस मिनिटं काळोखात बसवतात. मग बाई आत येतात, त्यांच्या हातात मंद लाल दिवा. मला हसूच आलं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे जिलेटिनचा कागद असतो. त्यांना काही कळलं नाही. मग बुबुळाला बारीक तार टेकवतात आणि काळोखात एकेक क्षीण ठिणगी दाखवतात. पडदा तिला उत्तर देतो का, ते विजेच्या रेघेवर कळतं. माझी रेघ जवळपास सपाट. आयुष्यभर अंधारात बसून मी वरून येणाऱ्या उजेडाची वाट पाहिली, आणि त्या दिवशी पलीकडचे लोक माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? मी म्हटलं, नाही. जिना उतरताना कठड्याला धरलं आणि तुझी आजी आठवली. दिवेलागणीनंतर ती उंबरा ओलांडायची नाही. आम्ही भावंडं तिला भित्री म्हणायचो, चिडवायचो. म्हातारीचं बाजलं आणि तीन चोर, मृगाच्या पोटातला बाण, सगळं तिनेच सांगितलं मला, पण ओसरीत बसून. बोट कधी दाखवलं नाही तिने. "आता वर आलं असेल बघ," म्हणायची आणि आम्ही पळत जाऊन पाहायचो, तर असायचं. तिला दिसत नव्हतं गं. तिला नुसतं पाठ होतं.

तर आजीकडून मला. पुढचं तू हुशार आहेस, तुला कळलंच असेल. रक्ताचा अहवाल यायचाय. एका प्रकारात मुलांना निम्मी शक्यता, दुसऱ्यात जवळपास नाहीच. आजी धरली तर पहिलाच प्रकार वाटतो. म्हणून मी त्या दिवशी तुला तोडलं. तू रक्तातल्या लोहाचं सांगत होतीस, कुठून कुठून आपल्यापर्यंत आलंय ते, आणि माझ्या डोक्यात एकच, की माझ्यापासून तुझ्यापर्यंत काय आलं असेल.

चिलीच्या वेधशाळेत जायला निघायच्या आधी तपासून घे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. संध्याकाळी अडखळतेस का, बाजूने आलेला माणूस दचकवतो का, जिन्याची शेवटची पायरी चुकते का, या गोष्टी हसण्यावारी नेऊ नकोस, मी नेल्या. लहानपणी नऊ दिसल्या म्हणजे पुढचं सगळं ठीक, असंही नाही, कारण हे कधी विशीत दिसतं, कधी माझ्यासारखं पन्नाशीनंतर. आणि समजा निघालंच, तर लवकर कळलेलं बरं, उपचारांवर काम चालू आहे, आणि तुझं काम तरी कुठे नुसत्या डोळ्यांवर आहे, हल्ली सगळं संगणकाच्या पडद्यावरच येतं. गॅलिलिओसुद्धा १६३८पर्यंत पूर्ण आंधळा झाला होता आणि तरीही... हे काय लिहितोय मी. माफ कर. गॅलिलिओचं कोणी मुलीला सांगतं का या वेळी. खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पत्र तुला आवडत नाही.

चिलीचं बोलू. शेजारी विचारतात तेव्हा मी तिथल्या वाळवंटाचं नाव, अटाकामा, मुद्दाम सावकाश उच्चारतो. ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी, असंही सांगतो, कोणी विचारलेलं नसताना. आई कोपर मारते. तिथून तुला मृग उलटा दिसेल, व्याध त्याच्या डोक्यावर चढलेला. आणि दोन्ही मॅजेलनिक मेघ, आपल्या शेजारच्या त्या दोन छोट्या दीर्घिका, दिसतील, जे मी कधी पाहिले नाहीत आणि आता पाहणार नाही. १९८७च्या फेब्रुवारीत मोठ्या मेघात तारा फुटला, १६०४नंतरचा सगळ्यात तेजस्वी. तो चिलीतच सापडला. लास कँपानासला दुर्बीण चालवणारा एक जण रात्री बाहेर आला, सहज वर पाहिलं, आणि त्याला मेघात एक तारा जास्तीचा दिसला. एक लाख अडुसष्ट हजार वर्षांचा प्रवास करून आलेला उजेड आणि तो टिपला एका साध्या डोळ्याने, काम सोडून दोन मिनिटं बाहेर आलेल्या माणसाच्या. म्हणून म्हणतो, पडद्यासमोरून उठून बाहेर येत जा. अर्धा तास झाल्याशिवाय आत शिरू नकोस.

तुझ्या सामानात डाव्या कप्प्यात जुनी बॅटरी ठेवलीय. जिलेटिन नवीन आहे, रबर केसांचंच. तिथे याहून चांगल्या बॅटऱ्या असणार, तरी असू दे.

तपासणीचं मी पुन्हा विचारणार नाही. आईला कबूल केलंय. फक्त तिथे पोचल्यावर, आकाशात कृत्तिका वर येऊ लागतील तेव्हा, पहिल्या निरभ्र रात्री पुरता वेळ अंधारात बस, मोज आणि आकडा कळव. नुसता आकडा. या वेळी नऊ म्हणालीस तर मी वाद घालणार नाही.

तुझा,
बाबा