टिपणं लिहिणाऱ्या लेकीस

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वकिलातीत रुजू होऊन चार महिने झाले, आणि दुसऱ्यांच्या बैठकांची टिपणं लिहिण्यापलीकडे काही करायला मिळत नाही, असं तू लिहिलंस. वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. तू वैतागलीस याचं वाईट वाटलं नाही. या टिपणांवरच माझी बत्तीस वर्षांची नोकरी उभी होती आणि तुला ते मी कधी नीट सांगितलं नाही, हे मनाला लागलं.

अनातोली दोब्रिनिन यांचं नाव तू वाचलं असशीलच. शिक्षणाने विमानांचे इंजिनिअर. १९६२ च्या मार्चमध्ये सोव्हिएत राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले, ते १९८६ पर्यंत तिथेच होते. केनेडींपासून रेगनपर्यंत सहा राष्ट्राध्यक्ष त्यांच्यासमोर आले. पण त्यांच्या चोवीस वर्षांतला मला पुन्हा पुन्हा आठवतो तो एकच आठवडा, १९६२ च्या ऑक्टोबरातला, क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध पेटायची वेळ आली होती तो.

त्याआधी सप्टेंबरात त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे भाऊ आणि अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना सांगितलं होतं, की क्युबात हल्ल्याची शस्त्रं ठेवली जाणार नाहीत. मॉस्कोने कळवलं तेच त्यांनी सांगितलं. २२ ऑक्टोबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी बोलावून राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाची प्रत हातात ठेवली, तेव्हा त्यांना खरं काय ते कळलं: सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्युबात पोचलीही होती. स्वतःच्या सरकारनेच त्यांना अंधारात ठेवलं होतं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत दहा वर्षांनी म्हातारा झाला, असं रस्क यांनी पुढे सांगितलं. मनू, परक्या राजधानीत आपलाच शब्द खोटा पडावा, यापेक्षा मोठी नामुष्की आपल्या पेशात नाही.

आणि तरीही २७ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, रॉबर्ट केनेडींनी आपल्या कार्यालयात बोलावलं ते याच माणसाला. का? मी यावर वर्षानुवर्षं विचार केलाय. माझं उत्तर असं, की आपण बोलू ते हा जसंच्या तसं मॉस्कोला पोचवील, एवढी खात्री केनेडींना होती. तुम्ही क्युबातली क्षेपणास्त्रं काढा, आम्ही तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर अण्वस्त्रं काढून घेऊ, पण त्याची वाच्यता व्हायची नाही, असा तो निरोप होता. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर काय झालं असतं, ते तुला मी सांगायला नको.

त्या रात्रीची दोब्रिनिन यांची तार आता वाचायला मिळते. जमलं तर मिळवून वाच. काय बोलणं झालं ते तर तीत आहेच. पण त्यांनी हेही लिहिलंय, की केनेडी फार अस्वस्थ होते, असे त्यांना यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. एरवीसारखे ते वादाला उभे राहिले नाहीत, वेळ थोडा आहे एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. जे घडलं नाही तेही त्यांनी टिपलं! केनेडी आज भांडले नाहीत, यावरूनच मॉस्कोला प्रसंगाचं गांभीर्य कळण्यासारखं होतं.

आणि त्या वेळी तार जायची कशी? सांकेतिक लिपीत लिहून झाली की वेस्टर्न युनियनचा एक तरुण सायकलवरून यायचा आणि घेऊन जायचा. वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबू नये म्हणजे झालं, एवढीच वकिलातीतल्या लोकांच्या हाती प्रार्थना. दोन्ही राजधान्या थेट जोडणारी हॉटलाइन १९६३ साली झाली, ती या अनुभवानंतरच.

संकट टळल्यावर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी तुर्कस्तानचा उल्लेख असलेलं पत्र पाठवलं. दोब्रिनिन यांनी ते नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी रॉबर्ट केनेडींनी ते परत केलं, कारण असं काही कागदावर त्यांना नकोच होतं. ज्युपिटर क्षेपणास्त्रं एप्रिल १९६३ पर्यंत निघाली. हा व्यवहार पुढे कितीतरी वर्षं लोकांना ठाऊक नव्हता.

आता माझं. तुझ्याएवढा होतो तेव्हा एका बैठकीत समोरचे अधिकारी 'बघू या' म्हणाले. आपल्याकडे होकाराची वाट पाहत होते हे मला माहीत होतं, म्हणून टिपणात मी 'अनुकूल' असं लिहिलं. एकच शब्द. त्यावर विसंबून आपलं शिष्टमंडळ आलं, आणि दोन दिवस बसून हात हलवत परत गेलं. आमच्या राजदूतांनी मला रागावून काही म्हटलं नाही. ते टिपण माझ्यापुढे ठेवलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हे कोण म्हणालं?' आजही तो प्रश्न ऐकू येतो.

तुमचे नवे राजदूत पुढच्या आठवड्यात अधिकारपत्रं सादर करतील तेव्हा तूही सोबत असशील, असं तू लिहिलंयस. समारंभानंतर थोडा वेळ बोलणं होतं, तिकडे लक्ष असू दे. रात्री मला लिही. कोण काय म्हणालं ते, आणि कुठला विषय निघाल्यावर कोण गप्प झालं तेही.

तुझे,
बाबा