मा. पालकमंत्र्यांना खुलं पत्र : टेकडीवर माणसं आली, तरच झाडं जगतील

मा. पालकमंत्री, पुणे जिल्हा
यांस सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन घराजवळची टेकडी चढतो. वावळ, बहावा, पळस लावलेत, त्यांना पाणी घालतो. खाली सगळा कातळ, वर माती जेमतेम वीतभर. पहिले दोन-तीन उन्हाळे कुणी पाणी घातलं नाही तर रोप जगत नाही. यंदा आम्ही सहाच जण उरलोय.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका काकूंना पायवाटेवर दोन पोरांनी कोयता दाखवला. गळ्यातलं गेलं, जीव वाचला. काकू पुन्हा वर आल्या नाहीत. तक्रार घेऊन दोन ठिकाणी गेलो, दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच : जागा कुणाच्या हद्दीत येते? ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्याजवळच्या बोपदेव घाटात फिरायला गेलेल्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या मुलींचं टेकडीवर जाणं घरच्यांनी आधीच बंद केलं होतं.

माणसं यायची थांबली की टेकडी मोकळी राहत नाही, दारू पिणारे येऊन बसतात. काकूंना अडवलं त्याच वळणावर आता बाटल्यांचा खच आहे. परवा एका बहाव्याच्या आळ्यातून मी ओंजळभर काचा वेचल्या. वेफर्सची पाकिटं पहिल्या पावसात ओढ्यात जातात, तिथून मुठेत आणि पुढे थेट उजनीत. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं. एक जळतं थोटूक पडलं की संध्याकाळपर्यंत उतार काळा. जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाने जायचं कुठे?

राखीव वनात आग लावणं १९२७च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. पण वणव्याची नोंद एकीकडे, लुटीची दुसरीकडे आणि कचऱ्याची तिसरीकडे. ओढ्यांत रात्री राडारोडा ओतणाऱ्यांचं तेच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री शहरातल्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं वाहून गेली, हे पुणेकर विसरलेले नाहीत.

म्हणून विनंती आहे की पोलीस, वन विभाग आणि महापालिका यांची मिळून एकच गस्त पहाटे आणि संध्याकाळी टेकड्यांवर फिरावी, आणि तक्रारीला एकच नंबर असावा. हद्द कुणाची, ते त्यांनी आपसांत ठरवावं. प्रखर दिवे मात्र लावू नका. रात्रीची टेकडी घुबडांची आणि रातव्यांची आहे, ती त्यांनाच राहू द्या. आम्हाला खांब नकोत, हिंडणारी माणसं हवीत.

काकूंनी सहा वर्षं वाढवलेल्या वडाला सध्या मी पाणी घालतो. “गस्त सुरू झाली की सांग, मी येते,” असं त्या दर आठवड्याला म्हणतात. त्यांना कोणती तारीख सांगू, तेवढं कळवा.

आपला,
टेकडीवर जाणारा एक पुणेकर